एकच संदर्भ, चार नोंदी

दख्खनच्या माळावरचा तुरेवाला चंडोल, शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. कर्नल साइक्सने १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा प्रजाती (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) होती अलाउडा. ती बदलली, म्हणून आज साइक्सचं नाव आणि साल कंसात येतं. प्राणिनामकरणाच्या संहितेचा नियमच आहे तो! पण संदर्भांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी इम्पोर्ट केली की कंस गायब.

त्याहून डोकं फिरतं ते नियतकालिकांच्या नावांनी. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीची तीच प्रोसीडिंग्ज कुणी पूर्ण लिहितं, कुणी अर्धवट, कुणी नुसतं ‘पी.झेड.एस.’, आणि दरवेळी नवा संदर्भ तयार! मर्ज करावं तर पान क्रमांक उडतो. अहो, मूळ वर्णनाचं नेमकं पानच तर हवं असतं, अख्ख्या लेखाची पानं घेऊन काय करू?

आणि साल! जुन्या खंडांवर छापलेलं साल एक, प्रत्यक्ष प्रसिद्धीचं भलतंच. नावाचा अग्रक्रम, म्हणजे कुठलं नाव आधीचं, ते ठरतं प्रत्यक्ष तारखेवर, आणि इथे सालाला रकाना एकच. दुसरा द्यायला काय जातं यांचं? जुने खंड चाळून लोकांनी या तारखा शोधल्यात. ती मेहनत एका बटणासरशी पुसली जाते, तेव्हा खरंच संताप होतो.