मु. पो. ओक्लाहोमा सिटी

मी सॉफ्टबॉलमध्ये कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्याच नजरेतून आहे, उकिडवं बसून, हेल्मेटच्या जाळीतून पाहिलेलं.

4 जून 2025 ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉलची फायनल, पहिली मॅच, टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक, दोन्ही टेक्सासमधलीच विद्यापीठं. आम्ही डॅलसजवळच्या आमच्या घरी टीव्हीसमोर. सहावी इनिंग चालू, टेक 1-0 ने पुढे, टेक्सासच्या दोन मुली बेसवर आणि बॅटिंगला रीस ॲटवूड. टेकने ठरवलं की हिला खेळूच द्यायचं नाही. मुद्दाम चार बॉल लांब टाकायचे आणि तिला चालत पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं. यात अवघड काहीच नसतं. कॅचर उठून बाजूला उभी राहते, हात लांब धरते, पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, तिच्या हातात बॉल देते. तीन बॉल तसे गेले. चौथा टेकची पिचर निजारी कॅनडी हिच्या हातून पुरेसा बाहेर गेलाच नाही. ॲटवूडने हात लांबवून तो डावीकडे मारला. दोन रन. टेक्सास 2-1, आणि मॅचचा निकालही तोच.

मी सोफ्यावरून इतक्या जोरात ओरडले की लेक दचकली. तिला वाटलं, काही सांडलं.

मला का झोंबलं ते सांगते, पण जरा वळसा घेऊन.

त्याच्या तीन दिवस आधी, रविवारी, आम्ही ओक्लाहोमा सिटीला प्रत्यक्ष मैदानात होतो. आमच्या घरून आय-35 ने सरळ उत्तरेला तीन-साडेतीन तास. डबा नेला होता, ठेचा आणि पोळ्या, कारण स्टेडियममधल्या हॉट डॉगवर माझं पोट भरत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी ते मैदान आहे, डेव्हन पार्क. बसायला 13,000 च्या आसपास जागा. आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसते ती लाल माती. आपल्या कोकणातली आठवावी इतकी लाल. आणि मग दिसतात लहान मुली, दहा-बारा वर्षांच्या, आपापल्या क्लबच्या जर्सीत, केसांत रिबिनी, हातात ग्लोव्ह घालूनच बसलेल्या, चुकून एखादा फाऊल बॉल आपल्याकडे आला तर म्हणून.

टेनेसी आणि यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) खेळत होते. हरेल तो घरी. टेनेसीकडे कार्लिन पिकेन्स नावाची पिचर होती. त्याच मोसमात तिने ताशी 79.4 मैलांचा बॉल टाकला होता, म्हणजे जवळपास 128 किलोमीटर. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये एवढ्या वेगाचा बॉल त्याआधी नोंदला गेला नव्हता. क्रिकेटवाल्यांना 128 म्हणजे मध्यमगती वाटेल. पण क्रिकेटची खेळपट्टी 20 मीटरची, आणि इथे पिचर उभी असते 13 मीटरवर. डोळे मिटून उघडेपर्यंत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. 'सॉफ्ट' हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा माझ्या जागेवर बसवायला हवं होतं.

शेवटच्या, सातव्या इनिंगला यूसीएलए दोनने मागे होती. दोन आऊट. मेगन ग्रँटने होम रन मारला, दोन रन, 4-4. आनंदाच्या भरात पोरगी उडी मारून मैत्रिणींच्या गराड्यात पडली, आणि होम प्लेटला, म्हणजे जिथे रन पूर्ण होतो त्या पाटीला, पाय लावायचाच राहिला. मैत्रिणींनीच तिला मागे फिरवलं. अंपायरनी व्हिडिओ पाहिला आणि रन कायम ठेवला. पुढे दोन जादा इनिंग होऊन टेनेसीने मॅच 5-4 ने काढली, त्यामुळे त्या पायावरून फार भांडण झालं नाही. मला मात्र प्लेटवर बसलेल्या टेनेसीच्या कॅचरचं वाईट वाटत राहिलं. ती बोट दाखवत होती की नाही, मला वरून दिसलं नाही, पण मी असते तर घसा बसेपर्यंत ओरडले असते.

तर, ठिकाण. मला याच शब्दावर बोलायचं आहे.

या स्पर्धेला वर्ल्ड सिरीज म्हणतात, खेळतात फक्त अमेरिकेतली कॉलेजं. (आपल्याकडेही गल्लीतल्या स्पर्धेला 'भव्य' म्हणतातच.) नाव मुलांच्या बेसबॉलवरून उसनं घेतलेलं. मुलांची स्पर्धा 1950 पासून ओमाहा नावाच्या एकाच शहरात होते. मुलींची 1969 साली तिथेच सुरू झाली, आणि पहिली तीन वर्षं नेब्रास्कातल्या एका छोट्याशा कॉलेजने जिंकली. एनसीएए ही कॉलेज खेळांची मोठी संघटना तोवर मुलींच्या खेळाकडे बघतही नव्हती. तिने 1982 मध्ये आपली स्पर्धा सुरू केली, पहिलं विजेतेपद यूसीएलएला. मग काही वर्षं स्पर्धेचं बिऱ्हाड पाठीवर. ओमाहा, मग कॅलिफोर्निया. 1990 मध्ये ती ओक्लाहोमा सिटीला आली आणि तिथलीच झाली. मधलं फक्त 1996 साल बाहेर गेलं, ऑलिम्पिकच्या रंगीत तालमीसाठी जॉर्जियात.

माझं ठाम मत आहे की ही स्पर्धा मोठी झाली ती या एका पत्त्यामुळे. गुणवत्ता आधीही होती. 64 संघ निवडायचे, चार-चारचे 16 गट, त्यातून 16, त्यातून आठ, आणि मे संपता संपता ते आठ ओक्लाहोमा सिटीला. इथे एकदा हरलं तरी संधी असते, दुसऱ्यांदा हरलं की बॅगा भरायच्या. फायनल तीनपैकी दोन मॅचची. हे दरवर्षी, त्याच आठवड्यात, त्याच मैदानात. आज दहा वर्षांची असलेली मुलगी 'मला तिथे खेळायचं आहे' असं म्हणते, तेव्हा 'तिथे' म्हणजे कुठे हे तिला माहीत असतं. ती तिथे बसून आलेली असते. तिच्या आईलाही रस्ता माहीत असतो. गर्दी वाढली तसं स्टेडियम वाढलं, 2021 च्या स्पर्धेला वरचा मजला तयार होता. पत्ता बदलत राहिला असता तर मजला कुठे चढवला असता?

आणि आता तर गंमतच आहे. 2028 चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला, पण सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत, याच मैदानावर. दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब! कारण सॉफ्टबॉलसाठी असं तयार मैदान तिकडे नाही. ज्या खेळाला ऑलिम्पिकने 2008 नंतर बाहेर काढलं, टोकियोपुरतं आत घेतलं, पॅरिसला पुन्हा वगळलं, त्या खेळाच्या दारात आता ऑलिम्पिकच चालत येणार आहे.

यात अन्याय नाही का? आहे. ओक्लाहोमा विद्यापीठ तिथून तीसेक किलोमीटरवर, नॉर्मनला. त्यांच्या मॅचला स्टेडियम लालच लाल. त्यांची आठ विजेतेपदं आहेत, त्यातली 2021 ते 2024 सलग चार. 2025 ला सेमीफायनलमध्ये टेक्सास टेकने त्यांना 3-2 ने थांबवलं तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण यूसीएलएने एकूण बारा वेळा जिंकलंय, त्यातलं बरंचसं कॅलिफोर्नियातून इथे येऊन. आणि पॅटी गॅसो 1995 मध्ये ओक्लाहोमाची कोच झाली तेव्हा तिच्या संघाला स्वतःचं मैदानही नव्हतं, नगरपालिकेच्या बागेतल्या मैदानावर खेळायच्या. घर जवळ असण्याचा फायदा तिला आपोआप नाही मिळाला.

आता माझी गोष्ट. मी जळगावची. आमच्याकडे सॉफ्टबॉल हा शाळेतला खेळ, पीटीच्या सरांनी हातात ग्लोव्ह दिला म्हणून सुरू झालेला. खरं सांगायचं तर निम्म्या जणी बोर्डाच्या सवलतीच्या गुणांसाठी यायच्या, आणि पुढे 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी टिकायच्या. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. पोटासाठी खेळलं म्हणून बॉल हळू येत नाही.

एका थंडीत आम्ही आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो. यजमान विद्यापीठाचं नाव घेत नाही, ती माणसं आपल्या परीने राबत होती. ही स्पर्धा दर वर्षी वेगळ्या विद्यापीठात. तारीख कळायची पंधरा दिवस आधी, मग रिझर्व्हेशन नाही, मग जनरलच्या डब्यात बॅटींच्या पिशव्यांवर बसून प्रवास. फुटबॉलच्या मैदानात चुन्याने डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखलेला. सकाळच्या मॅचला रेषा झकास. दुपारी चारला आम्ही उतरलो तेव्हा चुना सगळ्यांच्या बुटांना लागून निघून गेला होता.

आमची पिचर त्या दिवशी तिसरी मॅच टाकत होती. समोर एक धिप्पाड बॅटर, आधी दोनदा तिने आम्हाला धुतलेलं. सरांनी खूण केली, चालत पाठवा. मी उठले, बाजूला झाले, हात लांब धरला. पण किती बाजूला? कॅचरचा बॉक्स, म्हणजे माझ्यासाठी आखलेली चौकट, दिसतच नव्हता. मी अंदाजाने उभी राहिले. अंदाज चुकला. मी जवळ उभी, म्हणून बॉलही जवळ आला. बॅटरने पाऊल टाकलं आणि बॉल शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या मुलीच्या, डोक्यावरून. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत पिचर भुसावळ येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

म्हणून कॅनडीचा चौथा बॉल पाहून मी ओरडले.

तिच्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिच्या बातम्या आपल्या ग्रुपवर फिरल्या त्या फक्त आकड्याच्या. स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला येण्यासाठी एका वर्षाचे 10,50,024 डॉलर. शेवटचे 24 का, तर तिचा जर्सी नंबर 24. 'बघा, तिकडे मुलींनाही किती पैसा', 'आपल्याकडेही बक्षिसाची रक्कम वाढवली पाहिजे', असे मेसेज. अहो, पैसा सगळ्यांत शेवटी आला! 1972 ला कायदा आला, टायटल नाइन, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही एवढंच सांगणारा. इंग्रजीत जेमतेम 37 शब्द, त्यात खेळाचं नावही नाही. त्याच्या जोरावर कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. 1990 ला कायमचं मैदान. मग टीव्ही. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची परवानगी मिळाली ती थेट 2021 च्या जुलैत. आपण सुरुवात शेवटच्या पायरीवरून करतो, म्हणजे शाल, श्रीफळ आणि धनादेश.

आणि तिकडे सगळं गुळगुळीत आहे असंही नाही. 2021 ला कोचनीच उघड तक्रार केली होती की मुलांच्या स्पर्धेत विश्रांतीचे दिवस असतात, आमच्या मुलींनी मध्यरात्र उलटेपर्यंत खेळायचं का? पुढच्या वर्षी वेळापत्रक सैल झालं. मला अजून खटकतं ते वेगळंच. त्या फायनलपर्यंत टेकचा ओक्लाहोमा सिटीतला एकूण एक बॉल कॅनडीने टाकला होता. पहिली मॅच गेली, दुसरी तिने 4-3 ने परत आणली. तिसऱ्या मॅचच्या पहिल्याच इनिंगला टेक्सासने पाच रन काढले आणि तिला बसवावं लागलं. टेक्सास 10-4 ने जिंकलं, त्यांचं पहिलंच विजेतेपद. त्यात त्यांच्या मिया स्कॉटने गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना, तिन्ही बेसवर मुली असताना होम रन मारला. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं, टाळ्या वाजवून हात लाल केले. पण खालून हात फिरवून टाकलेल्या बॉलने खांदा दुखत नाही, ही जी समजूत आहे ना, तिच्यामुळे एकाच मुलीला जुंपलं जातं. आमची ती पिचर आज चाळिशीत आहे. फडताळाच्या वरच्या खणातला डबा ती डाव्या हाताने काढते.

लेकीने गाडीत परत येताना विचारलं होतं, "आई, तू खेळायचीस ते स्टेडियम दाखवशील?" आता काय सांगू? त्या जागेवर पुन्हा फुटबॉलचे गोलपोस्ट उभे राहिले असणार. आपण चार-पाच जागा जरी ठरवल्या, दर वर्षी इथेच, याच आठवड्यात, रेषा पक्क्या, तरी मला पुष्कळ वाटेल. जळगावला व्हावं असा माझा हट्ट नाही. (आहे.)

त्या रात्री मी चौथ्या बॉलची क्लिप आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर टाकली. तिकडे सकाळ होती, कुणी डबे भरत होतं, कुणी ड्युटीवर निघालं होतं. अंगठे आले, रडके चेहरे आले. पिचर बाईंचा व्हॉइस मेसेज तासाभराने आला, मागे कुकरची शिट्टी.

"त्या पोरीले काही बोलू नको. तिच्या कॅचरले विचार आधी, हात कुठं धरला होता."