यूएक्सचं १२ लाखांचं पॅकेज: कोणाचं, कुठलं आणि हातात किती?

बारावीचा निकाल जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: "कोडिंग नको, डिग्री नको. सहा महिन्यांचा कोर्स करा आणि यूएक्स डिझायनर व्हा. सुरुवातच १२ लाखांनी. कोडिंगवाल्यांपेक्षा जास्त पगार. अमेरिकेत ८० लाख. मुलींसाठी उत्तम, घरबसल्या काम, निम्म्याहून जास्त बायकाच. २०५० पर्यंत जगात १० कोटी जागा."

यूएक्स म्हणजे यूजर एक्सपिरिअन्स: ॲप, वेबसाइट, फॉर्म वापरणाऱ्याला सोपे जातील असे आखायचं काम. मी याच धंद्यात आहे, पुण्यात, आणि नवी माणसं निवडायचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे कोणी ना कोणी मावशी-काका हा मजकूर मला पाठवतात आणि खाली विचारतात, "आपल्या चिन्मयला घालायचं का रे याला?" एकेकाला फोनवर समजावून दमलो, म्हणून इथे लिहितो. यातले बहुतेक आकडे कुठे ना कुठे खरे आहेत. भानगड एवढीच की तो आकडा ज्या माणसाचा आहे तो वेगळा आणि चिन्मय वेगळा.

"सुरुवातच १२ लाखांनी"

अशा ऑफर असतात. मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी (१९६९ पासून चालू असलेली डिझाइन शिकवणारी संस्था), अहमदाबादचं एनआयडी, अशा मोजक्या ठिकाणांहून बाहेर पडणाऱ्यांना १२ काय, त्याहून जास्तही मिळतात. पण आयआयटीच्या एम.डेस.ला (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला) जायचं तर जानेवारीतली सीड परीक्षा द्यावी लागते, त्याआधी पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण लागतं, आणि जागा अगदी थोड्या. तिथला 'फ्रेशर' बऱ्याचदा इंजिनीअरिंग किंवा आर्किटेक्चर करून, कुठेतरी एक-दोन वर्षं नोकरी करून आलेला असतो. त्याचं पॅकेज बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या पोराच्या नावावर लावायचं म्हणजे जावयाचा बंगला दाखवून मुलाचं लग्न जमवण्यासारखं आहे.

मग कोर्सवाल्या मुलाला मिळतं किती? पुण्यातल्या छोट्या एजन्सींच्या ज्या ऑफर माझ्या डोळ्यांखालून गेल्यात, त्या महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या. आधी तीन-सहा महिने इंटर्नशिप, तीही कधी कधी फुकट. टीसीएससारख्या कंपनीत साध्या इंजिनीअरिंग फ्रेशरची सुरुवात वर्षानुवर्षं ३.३६ लाखांना चिकटलेली आहे. म्हणजे यूएक्सचा कोर्सवाला बहुधा त्याच पायरीवर उभा राहतो, फक्त त्याच्या पायरीवर गर्दी जास्त आणि मागे कॉलेजची प्लेसमेंट नाही.

समजा, नशिबाने खरंच १२ लाखांची ऑफर आली. तरी ते १२ लाख म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. कागद घेऊन बसा. मूळ पगार निम्मा, म्हणजे ६ लाख धरा. व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा कमीजास्त होणारा भाग, १० टक्के, १ लाख २० हजार. ते वर्षाअखेरी कंपनीच्या मर्जीवर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, ७२ हजार. तोही तुमच्याच सीटीसीत मोजलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २८,८६०. एरवी ती पाच वर्षं टिकलात तरच हातात, आणि या क्षेत्रात एका ठिकाणी पाच वर्षं काढणारा माणूस विरळा. मग तुमच्या वाट्याचा पीएफ, आणखी ७२ हजार. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० रुपये. नव्या करप्रणालीत आयकर शून्य धरला तरी खात्यात महिन्याला सव्वापंचाहत्तर हजारांच्या आसपास येतात. वाईट रक्कम मुळीच नाही. पण रीलमध्ये "महिना एक लाख" म्हणतात ते हेच.

आणि "सरासरी पगार" म्हणून जे आकडे दाखवतात ते बहुतेक स्वेच्छेने भरलेल्या फॉर्मांतून आलेले असतात. या व्यवसायाची जुनी संघटना यूएक्सपीए (१९९१ साली सुरू झाली तेव्हा यूपीए) बऱ्याच वर्षांपासून पगारांची पाहणी करते, प्रामाणिकपणे करते. पण तिथे उत्तरं कोण देतं? संघटनेशी जोडलेला, परिषदांना जाणारा, चांगल्या नोकरीत स्थिरावलेला माणूस. आठ महिने घरी बसलेला, किंवा कंटाळून पुन्हा बँकेच्या परीक्षांकडे वळलेला, फॉर्म भरायला येतच नाही. शिवाय वीस वर्षं मुरलेला डायरेक्टर आणि परवा लागलेला ज्युनिअर यांची सरासरी काढली की जो आकडा येतो, तो दोघांपैकी एकालाही मिळत नसतो.

"कोडिंगवाल्यांपेक्षा जास्त पगार"

हे अमेरिकेच्या सरकारी आकड्यांतच तपासता येतं. तिथला श्रम सांख्यिकी ब्युरो मालकांकडून माहिती घेतो, लोकांना फॉर्म भरायला लावत नाही. मे २०२३ मध्ये वेब आणि डिजिटल इंटरफेस डिझायनरचा मध्यक पगार वर्षाला ९८,५४० डॉलर होता. मध्यक म्हणजे बरोबर मधल्या माणसाचा पगार, सरासरी नव्हे. त्याच वेळी सॉफ्टवेअर डेव्हलपरचा होता १,३२,२७० डॉलर. विषय संपला.

हां, वेब डेव्हलपरचा ८४,९६० होता आणि ग्राफिक डिझायनरचा ५८,९१०. म्हणजे पोस्टर-लोगो करणाऱ्याने या बाजूला येण्यात पैशाचा फायदा आहे, हे मान्य. पण मजकुरात असा नेमका फायदा सांगितलेला नसतो.

"अमेरिकेत ८० लाख"

वरचे ९८,५४० डॉलर गुणिले ८३ रुपये, झाले ८० लाखांच्या वर. गुणाकार बरोबर, अर्थ चूक. तिथे कमावलेला डॉलर तिथेच भाड्यात, विम्यात आणि करात जातो. जागतिक बँकेच्या क्रयशक्ती समतेच्या हिशेबात एका डॉलरचं काम भारतात वीस-बावीस रुपयांत होतं. त्या दराने हे ८० लाख वीस-एकवीस लाखांवर येतात. तेही मधल्या माणसाचे, नवख्याचे नव्हेत.

खरी गंमत पुढे आहे. "डिग्री नको" आणि "अमेरिकेत ८० लाख" ही दोन वाक्यं एकाच मजकुरात नांदतात. अमेरिकेत नोकरीला जायचा आपल्याकडचा रुळलेला रस्ता एच-१बी व्हिसाचा, आणि त्याची पहिली अट म्हणजे कामाशी संबंधित विषयातली किमान पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता. सगळ्या जगासाठी, सगळ्या व्यवसायांसाठी मिळून वर्षाला ८५,००० ची मर्यादा, वर लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. एवढे पैसे भरून कोणती कंपनी सहा महिन्यांच्या कोर्सवाल्याला बोलावेल, ते मला तरी सुचत नाही.

"डिग्री नको, सहा महिने पुरे"

सहा महिन्यांचं खूळ आलं कुठून? गूगलने २०२१ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर यूएक्स डिझाइनचं प्रमाणपत्र काढलं: सात कोर्स, आठवड्याला दहा तास दिले तर सहा महिन्यांच्या आत पूर्ण. कोर्स ठीक आहे, मीही लोकांना सुचवतो. पण तो ओळख करून देतो, नोकरी देत नाही.

पदवीचा विषय कोणताही चालतो, हे मात्र खरं. नील्सन नॉर्मन ग्रुप या यूएक्सचं संशोधन आणि प्रशिक्षण करणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये या क्षेत्रातल्या ९६३ जणांची पाहणी केली. त्यात मानसशास्त्रापासून इंग्रजी साहित्यापर्यंत सगळं निघालं. पण दहातल्या नऊ जणांकडे विद्यापीठाची पदवी होतीच. 'कोणतीही पदवी चालते' याचं 'पदवीच नको' कधी झालं, कोण जाणे.

पोर्टफोलिओचं, म्हणजे आपण केलेल्या कामांच्या नमुन्यांचं सांगतो, कारण खरी चाळण तिथे लागते. एका ज्युनिअर जागेची जाहिरात टाकली की पोर्टफोलिओंचा ढीग पडतो. उघडावा तो सारखाच: खाण्याच्या डिलिव्हरी ॲपचं रिडिझाइन. पहिल्या पानावर पर्सोना, म्हणजे नमुन्यादाखल कल्पिलेला वापरकर्ता: "प्रिया, २६, बंगळुरू, बिझी प्रोफेशनल". दुसऱ्यावर पाच मित्रांना भरायला लावलेला गूगल फॉर्म आणि त्यावरून काढलेला "८० टक्के वापरकर्त्यांना" असा निष्कर्ष. म्हणजे चार मित्र! मग जांभळा ग्रेडियंट, गोल कोपऱ्यांची बटणं आणि शेवटी "थँक यू". एकाच क्लासचे विद्यार्थी असतील तर प्रियाचा फोटोसुद्धा तोच. या ढिगातून मी ज्यांना मुलाखतीला बोलावतो, त्यांनी काहीतरी लहान पण खरं केलेलं असतं. एका मुलीने तिच्या आईच्या पतसंस्थेतल्या पैसे काढायच्या स्लिपवर काम केलं होतं. लोक रक्कम अक्षरी लिहायची ओळ सोडून देतात, म्हणून तिने ती ओळ अंकांच्या चौकटीखाली घेतली आणि खिडकीपाशी उभं राहून परत येणाऱ्या स्लिपा मोजल्या. ॲप नाही, ग्रेडियंट नाही. तिला घेतलं. ती बी.कॉम. आहे.

"मुलींसाठी उत्तम, निम्म्याहून जास्त बायकाच"

अमेरिकेतल्या एआयजीए या डिझायनर संघटनेच्या २०१९ च्या पाहणीत ६१ टक्के स्त्रिया होत्या. मजकुरातला आकडा बहुधा तिथूनच आलेला. आता ब्रिटनकडे बघा: तिथल्या डिझाइन कौन्सिलच्या २०१८ च्या अहवालात डिझाइनमध्ये काम करणारे ७८ टक्के पुरुष. दोन्ही आकडे बरोबर, कारण मोजलेली माणसं वेगळी. एआयजीए मूळची ग्राफिक डिझाइनवाल्यांची, आणि ज्याला वाटलं त्याने फॉर्म भरला. कौन्सिलने डिजिटल, औद्योगिक उत्पादनं, वास्तुरचना सगळं एकत्र घेतलं. निव्वळ यूएक्सचा आकडा यातला एकही नाही. आणि त्याच ब्रिटिश अहवालात असंही होतं की विद्यापीठात कला आणि डिझाइन शिकणाऱ्यांत ६३ टक्के मुली. शिकायला इतक्या आणि कामावर मात्र २२ टक्के. मधल्या मुली गेल्या कुठे, हा प्रश्न त्या मजकुराच्या गावीही नसतो.

"घरबसल्या" तर मला पटतच नाही. वापरणाऱ्या माणसापर्यंत जाणं हाच या कामाचा निम्मा भाग. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी पैसे आले की नाही ते साउंडबॉक्सच्या आवाजावरून ठरवतात, फोनच्या स्क्रीनकडे बघतही नाहीत. हे सोफ्यावर बसून कळणार नाही. शिवाय घरून मिळणारं बरंचसं काम फ्रीलान्स असतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण ती दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत नोकरीला असणाऱ्यांना. फ्रीलान्सरला शून्य. मुलींसाठी म्हणून सुचवणाऱ्यांनी निदान हे तरी सांगावं.

"२०५० पर्यंत १० कोटी जागा"

हा आकडा वरच्या नील्सन नॉर्मन ग्रुपचे एक संस्थापक जेकब नील्सन यांच्या २०१७ च्या एका लेखातला. त्यांचा अंदाज असा: १९५० मध्ये जगात यूएक्सचं काम करणारे जेमतेम १०, १९८३ मध्ये १,०००, २०१७ मध्ये १० लाख, आणि २०५० मध्ये १० कोटी. तो व्यवसायाच्या वाढीबद्दलचा एका जाणकाराचा तर्क आहे. तेव्हा त्यांची कंपनी यूएक्सचं प्रशिक्षण विकत होती, हेही ध्यानात ठेवावं. त्या लेखाला पाच वर्षं होत होती तोच मेटाने ११,००० जणांना काढलं (नोव्हेंबर २०२२), गूगलने १२,००० जणांना (जानेवारी २०२३), आणि या लाटेत यूएक्स रिसर्चवालेही गेले. इंटरॅक्शन डिझायनरांची जागतिक संघटना आयएक्सडीए तर २०२४ मध्ये बंदच झाली. अमेरिकेच्या त्याच ब्युरोचा २०२३ ते २०३३ चा अंदाज, वेब डेव्हलपर आणि डिजिटल डिझायनर मिळून, ८ टक्के वाढीचा. दहा वर्षांत.

भारतापुरतं म्हणाल तर इथे यूएक्सवाले किती, हे कोणीच नेमकं सांगू शकत नाही. आपल्या व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात २१६६ क्रमांकाखाली 'ग्राफिक आणि मल्टिमीडिया डिझायनर' असा एक गट आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचा डिझायनर आणि बँकेचं ॲप आखणारा, दोघांनाही तिथेच बसावं लागतं. तेव्हा "भारतात अमुक लाख जागा रिकाम्या" असं कोणी छातीठोक सांगितलं, तर ते कोणी आणि कसं मोजलं तेवढं विचारा.

चिन्मयचं म्हणाल तर त्याला चित्रं आणि माणसं दोन्हींत रस असेल, तर यूसीड ही बारावीनंतरच्या डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. मुंबई आयआयटीत ही पदवी, बी.डेस., २०१५ पासून आहे. नाही जमलं तर कोणत्याही पदवीला घाला आणि सोबत काम करू द्या. आणि "जॉब गॅरंटी"वाल्या क्लासला लाखभर रुपये हप्त्यांनी भरायच्या आधी मागच्या बॅचचा प्लेसमेंटचा तक्ता लेखी मागा: किती जण बसले, किती लागले, कितीवर लागले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, नोकरीच्या खोट्या हमीवर त्यात बंदी आहे. तक्ता दिला नाही तर पैसे भरू नका. भरून फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.