बोटं बघितली आहेत, ताई

ताई,

कथा-कादंबऱ्यांतल्या दुःखावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "पुरुष दुःखात कामाला जुंपून घेतो आणि बाई रडते, असं तुम्ही सरसकट ठरवून टाकलंत. निपाणीतल्या बीडी वळणाऱ्या बायकांची बोटं एकदा बघून या, मग लिहा."

मतभेद असू दे. पण 'बघून या' ही काय बोलायची रीत झाली? खानापूरची म्हणवता, आपल्या भागात परक्या माणसाशीसुद्धा कोणी असं बोलत नाही. मी कोण, कुठला, एवढं तरी विचारायचं होतं.

मी निपाणीचाच. माझी आई बीडी वळायची. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. ते गेले त्या सकाळी आईनं बीडीची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पान वाळलं की वळताना चिरतं. स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा शेजारच्या दोघीजणी सोप्यात बसून तिची पानं कापत होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सहाव्या दिवशी आईनं बिड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं मिळायची, वळल्याशिवाय घरात पैसा नाही. त्या आठवड्यात तिच्या बिड्या सैल पडल्या. ठेकेदारानं खराब म्हणून ढीगभर बाजूला काढल्या, त्यांचे पैसे दिले नाहीत. मी अकरा वर्षांचा, तिच्या शेजारी उभा होतो. ती रडली नाही. पुढे कित्येक दिवस दोरा मात्र बोटात रुतेपर्यंत ओढायची. ती बोटं मी बघितली आहेत.

आणि लेखात मी हेच म्हटलं होतं की हो! बायको गेल्यावर कादंबरीतला शेतकरी औत धरतो, तेव्हा आपण म्हणतो, आतून किती तुटलाय बघा. बाई सूप धरते तेव्हा म्हणतो, काय ही गरिबी. तिच्या कामात तिचा शोक कोणी वाचत नाही, म्हणून लेखकही तिला रडवून मोकळा होतो. ही माझी तक्रार होती. तुम्ही ती माझ्याच अंगावर टाकलीत.

कथेबाहेरही तेच. कवयित्री इंदिरा संतांचं घ्या. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. पदरात मुलं, बेळगावातली नोकरी, आणि त्यातच कविता. त्यांच्या विरहावर आपण तासभर बोलतो. दिवसभर शिकवून घरी आलेल्या बाईनं त्या ओळी लिहिल्या, हे किती जण काढतात?

एक मात्र कबूल. महादेव मोरे यांचं नाव लेखात यायला हवं होतं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत त्यांनी वखारीत राबणाऱ्या बायका कथेत आणल्या. गावचा असून मी विसरलो, ही चूक माझी.

प्रेमभंगाबद्दलचे तुमचे बाकीचे मुद्दे इथं गैरलागू आहेत, त्यांत शिरत नाही. 'पुरुषी नजर' या तुमच्या शब्दालाही उत्तर देणार नाही. तो एकदा लावला की समोरचं वाचायची गरज उरत नाही, तुमचं तसंच झालंय.

लेखाचा तिसरा परिच्छेद परत वाचा. आईचा उल्लेख मी तिथं जाणूनबुजून टाळला होता. तो आज चारचौघांत करावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं.