मंगळावर नुसतं बी फेकून झाड उगवत नाही

भाचीला गृहपाठ होता: परग्रहावर जगेल अशी वनस्पती कल्पनेने काढा. तिने मंगळासाठी जाड, काचेसारख्या सालीचं झुडूप काढलं. मग घरच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज आला: ‘मंगळावर ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, तेच झाडांचं अन्न. नुसतं बी फेका, जंगल होईल. मंगळावर वाढणारं मॉस शास्त्रज्ञांना सापडलंय. पानं काळी असली की थंडी बाधत नाही.’ तिने साल खोडून टाकली. कागदावर खोडरबराचा काळपट डाग पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

९५ टक्के खरं आहे. हवा एवढी विरळ असूनही तिथे कार्बन डायऑक्साइड आपल्यापेक्षा जास्तच भरतो, हेही मान्य करतो. पण पान तो घेतं पर्णरंध्रांतून, आणि रंध्रं उघडली की त्याच वाटेने पाणी बाहेर पडतं. मंगळावर हवेचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या एक टक्काही नाही. एवढ्या दाबाला पाणी शून्य अंशाजवळच उकळतं. पान गोठलेलं नसेल तेव्हा ते सुकत जाणार. जेवण दाराशी आलंय, पण दार उघडलं की जीव जातो, अशी गत! शिवाय मुळांना श्वासाला ऑक्सिजन लागतो. तो तिथे नावापुरता आहे. भाचीची ती साल म्हणजे त्या सुकण्यावरचं नेमकं उत्तर होतं, आणि नेमकी तीच या मेसेजने खोडायला लावली.

मॉसचं म्हणाल तर ते पृथ्वीवरच्या वाळवंटातलं आहे, सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी ते उणे १९६ अंशांत महिनाभर ठेवलं, मंगळासारख्या परिस्थितीत सात दिवसांपर्यंत ठेवलं. पुन्हा इथल्या हवापाण्यात आणल्यावर त्याला नवे कोंब फुटले. इथे आणल्यावर! तिथे ते तगलं, वाढलं नाही.

आणि नुसतं बी टाकायचं तर मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट, म्हणजे झाडांना घातक असे क्षार आहेत, हे तिथे उतरलेल्या फिनिक्स यानाने २००८ मध्येच दाखवलं. काळ्या पानांचं म्हणाल तर ऊन आपल्या निम्म्याहून कमी, तेव्हा गडद रंग सुचणं ठीक. पण रात्रीच्या उणे ८० अंशांत रंग काय ऊब देणार?

भाचीने साल परत काढलीय. कमळाच्या देठात असतात तशा पोकळ्याही खोडात दाखवल्यात, दिवसा पानांनी तयार केलेला ऑक्सिजन मुळांपर्यंत न्यायला.