रेशनचा केक

युरोपातलं दुसरं महायुद्ध संपून गेल्या वर्षी, म्हणजे ८ मे २०२५ला, ८० वर्षं झाली आणि त्याची शिक्षा मला झाली.

इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या आमच्या गल्लीनं ठरवलं, सुट्टीच्या सोमवारी रस्त्यात टेबलं मांडून चहा करायचा आणि प्रत्येकानं युद्धकाळातला एकेक पदार्थ आणायचा. चिठ्ठ्या टाकल्या. मला केक आला. नवऱ्याला पताका आल्या. "तुला काय अवघड आहे?" असं तो शिडीवरून म्हणाला.

मी अभ्यासाला बसले. तेव्हा ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला साखर ८ औंस, लोणी २ औंस आणि अंडं एक, तेही मिळालं तर. दोन औंस लोणी काट्यावर ठेवून पाहिलं. ५७ ग्रॅम. आमच्याकडे होळीला एवढं तूप दुसऱ्या पुरणपोळीपर्यंतही पुरत नाही. पांढरं पीठ १९४२ साली बाजारातून उठलेलं. मिळायचं ते करड्या रंगाचं. आणि केकवर साखरेचं आयसिंग लावायला १९४० पासूनच बंदी! मग लग्नात काय करायचे, तर पुठ्ठ्याचा मजलेदार केक भाड्यानं आणायचे. तो टोपीसारखा उचलला की खाली खरा केक, अंग चोरून बसलेला. रुखवतात पुठ्ठ्याचा बंगला मांडणाऱ्या माणसांना यात नवल ते काय वाटणार?

खरी परीक्षा अंड्याच्या भुकटीची. ती अमेरिकेहून यायची. चार आठवड्यांना माणशी एक पाकीट, बारा अंड्यांच्या बरोबरीचं. मी ऑनलाइन मागवली. एक चमचा भुकटी, दोन चमचे पाणी, झालं अंडं. माझं झालं नाही. पिठल्याच्या गुठळ्या मी जन्मभर मोडत आलेय, पण ही जात वेगळी. चमच्यानं दाबली की गुठळी सटकून वाटीच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी. वास ओल्या पुठ्ठ्याचा. लग्नातला तो केक बहुतेक दोन्हीकडून सारखाच लागत असावा.

साखर वाचवायला किसलेलं गाजर. सरकारनं त्यासाठी 'डॉक्टर कॅरट' नावाचं चित्रातलं गाजरच प्रचाराला उतरवलं होतं. किसता किसता सांगलीला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"साखर नाही म्हणून गाजर? अगं, गाजराच्या हलव्यालाही साखर लागतेच की."

"युद्ध होतं ना, आई."

"लोणी नाही, अंडं नाही, साखर नाही. मग उरलं काय?"

"पीठ."

"मग सरळ भाकरी थाप!"

रात्री अकराला केक भट्टीत गेला. हात दोनदा तुपाच्या बरणीकडे आणि एकदा वेलदोड्याच्या डबीकडे गेला होता. पण नाही घातलं. आयुष्यभर तिळगुळात शेंगदाण्याचं कूट मिसळणाऱ्या मला प्रामाणिकपणा सुचला, तो नेमका इथे. केक फुगला नाही. सुरी आत गेली, ती बाहेर यायला तयार होईना.

सोमवारी शेजारच्या आजी आल्या. वय ८९. युद्ध संपलं तरी रेशन पुरतं उठायला ४ जुलै १९५४ उजाडला. म्हणजे बाईंचं अख्खं बालपण ह्या केकवर गेलेलं. मी भीत भीत बशी पुढे केली. त्यांनी तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ चावला.

"अगदी तस्सा!" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पताकांकडे, म्हणजे नवऱ्याकडे, विजयानं पाहिलं.

मग आजींनी बशी हळूच टेबलावर ठेवली, हातानं थोडी लांब सरकवली आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. आत पिवळाधमक स्पंज, मधून ओसंडणारं क्रीम, वर पिठीसाखरेचा पाऊस.

"पण... युद्धकाळातला आणायचा होता ना?" मी विचारलं.

"तो मी तेव्हाच खाल्लाय," आजी म्हणाल्या. "ह्यात सहा अंडी आहेत. मोठा तुकडा घे."