सावलीचा अहवाल पाहिजे का पाण्याचा?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत डीपीवरून, म्हणजे संभाजीनगरच्या विकास आराखड्यावरून, जुंपलीय. एक मित्र, सिडकोत वडिलांपासूनचं घर आहे त्याचं, त्यानं लिहिलं की गुंठेवारीवाल्यांनी (बिनपरवाना तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवर घरं बांधली ते) शहराची वाट लावली, कॅलिफोर्नियात बघा, घरांचं धोरण नुसतं बदलायचं म्हणलं तरी आधी पर्यावरण अहवाल लागतो, आपल्याकडं का नाही. खाली लगेच सगळ्यांचे अंगठे. आणि वर मला टॅग, "तू सांग रे, तिकडं कसं असतं."

सांगतो, पण आवडणार नाही.

इथं कॅलिफोर्नियात दर आठ वर्षांनी प्रत्येक शहराला घरांचा आराखडा नवा करावा लागतो. राज्य आकडा देतं, एवढ्या घरांना जागा दाखवा. सॅन फ्रान्सिस्कोला 2023 ते 2031 साठी 82,069 घरं आली. मग त्या आराखड्याचा ईआयआर, म्हणजे तुमचा तो लाडका अहवाल. त्यात ट्रॅफिक, आवाज, हवा, जुन्या इमारती, आणि वारा नि सावली यांची तर वेगळी प्रकरणं. हो, सावली. उंच बिल्डिंगची सावली पब्लिक पार्कवर किती पडंल याचा नियमच आहे तिथं, 1984 पासून. संभाजीनगरात मे महिन्यात कुणी बागेवर सावली पाडून दिली तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल.

हा अहवाल मागणारा राज्याचा कायदा 1970 चा, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना सही झालेला. हेतू चांगलाच होता, पण वापरतं कोण? ज्याचं घर आधीच झालंय तो. वकील लावायचा, अहवालात अमुक तपासलंच नाही म्हणायचं, बसा मग कोर्टात. बर्कलीत युनिव्हर्सिटीला पोरांसाठी घरं बांधायची होती तर 2023 च्या फेब्रुवारीत कोर्ट म्हणालं की पार्ट्यांच्या आवाजाचा विचार केला नाही, अहवाल अपुरा. पोरं म्हणजे प्रदूषण! त्याच वर्षी राज्याला कायदा बदलावा लागला. आणि 2020 पर्यंत तर चौकात गाड्या किती खोळंबतील यालाच पर्यावरणावरचा परिणाम धरायचे, मग ज्याला इथं घर परवडलं नाही तो लांबच्या ट्रेसी गावावरून पहाटे पाचला निघून 580 हायवेवर दोन तास धूर सोडत येतो त्याचं काय, तर आता कुठं गाडी किती मैल पळणार ते मोजू लागलेत. शेवटी 30 जून 2025 ला गव्हर्नर न्यूसमनं सही करून शहराच्या आतल्या बहुतेक घरबांधणीला या अहवालातून सोडवलंच. इथले लोक जे गळ्यातून काढू लागले ते तुम्ही हार म्हणून घालायला निघालात.

आमच्या सिटी कौन्सिलची एक मीटिंग मी पूर्ण बसून ऐकलीय, रात्री अकरापर्यंत चालली (आपल्या मनपात एवढा वेळ कोण ऐकून घेईल, ते सोडा). अपार्टमेंट आली तर नेबरहूडचं कॅरेक्टर जाईल, पार्किंग भरेल, एकेक जण माइकवर येऊन अगदी गोड आवाजात सांगत होता. मी मागं बसलेला, अपार्टमेंटवाला, भाड्याचा. माझ्याबद्दलच चालू होतं आणि कुणी माझ्याकडं बघत पण नव्हतं.

ग्रुपवरचा मेसेज वाचून तेच डोक्यात गेलं. आमचं घर गारखेड्याच्या पुढचं, 20 बाय 30, बॉन्डपेपरवर घेतलेलं. वडील वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचे, सिडकोचा प्लॉट त्यांच्या हातातला नव्हता. रस्ता मुरमाचा, पाणी टँकरचं. 2001 ला अशी घरं नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा आला, मग 2021 ला तारीख वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, तेव्हा कुठं भावानं फाईल टाकली. आमच्यामुळं पर्यावरणाचं किती नुकसान होईल ते कुणी आधी मोजलं असतं तर आम्ही परभणीतच राहिलो असतो आणि मी आज इथून तुम्हाला शहाणपण शिकवत नसतो.

आता राग बाजूला ठेवून. मित्राचं सगळंच चूक नाही. आपल्याकडं 2006 ची अधिसूचना 20,000 चौरस मीटरपासूनच्या बांधकामाला पर्यावरण परवानगी मागते, छोटी घरं त्यात येत नाहीत, ठीक, पण सगळ्या शहराचा डीपी पण येत नाही. यलो (घरांचा) नि ग्रीन (शेतीचा) झोन कुठं सरकला, कुणाच्या प्लॉटवर आरक्षण पडलं, भांडण तेवढंच. खाम नि सुखना नद्यांत अजून किती सांडपाणी उतरणार, पन्नास हजार माणसं वाढली तर त्यांचा कचरा कुठं जाणार, कुणी विचारत नाही. 2018 ला नारेगावचा कचरा डेपो बंद पडल्यावर मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून काय झालं ते विसरलात का?

इथलं घ्यायचंच तर एक घ्या. 500 घरांपेक्षा मोठा प्रकल्प असेल तर पुढच्या 20 वर्षांचं पाणी कागदावर दाखवावं लागतं, चांगल्या सालाचं, कोरड्या सालाचं आणि लागोपाठ कोरड्या सालांचं वेगळं. लागोपाठ कोरडी सालं! हा नियम खरं तर मराठवाड्यात जन्मायला पाहिजे होता. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आपलंच शहर, वसवली तेव्हा नहरीनं पाणी पण आणलं, आणि आपण 2,740 कोटींची योजना असूनही आठ-आठ दिवस नळाकडं बघत बसतो. आईला फोन केला की पहिली बातमी पाण्याचीच, डीपीचं काढलं की म्हणते तू तिकडून कशाला डोकं लावायलास.

तिचं पण बरोबर. इथं मला मत नाही, ग्रीनकार्डाच्या रांगेतली माझी प्रायॉरिटी डेट जागची हलत नाही. तिथं यादीत नाव असलं तरी मत द्यायला विमानानं यावं लागतं. दोन्हीकडं फक्त मतं मांडायची.

म्हणून मित्रा, हरकत टाकायची तर टाक, पण गुंठेवारीवाल्यांवर नको, पाण्याच्या हिशोबाची टाक. नव्या यलो झोनमधल्या प्रत्येक वॉर्डाला कोरड्या सालात पाणी कुठून, किती, लेखी द्या म्हणावं. ड्राफ्ट मी आज रात्री करून पाठवतो. सही तुझी कर, तिथं राहतोस तू.