शनिवारची हुर्यो, रविवारच्या टाळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेणं बरं दिसणार नाही, म्हणून इथेच जरा ऐसपैस लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी 26 मार्च 2017 या दिवसाबद्दल लिहिलं होतं. ओसाकाच्या वसंत सुमो स्पर्धेचा तो पंधरावा, म्हणजे शेवटचा दिवस. दोन दिवसांपूर्वी जबर जखमी झालेल्या जपानी योकोझुना (सुमोतलं सर्वोच्च पद) किसेनोसातोनं तेरुनोफुजीला त्या एका संध्याकाळी दोनदा हरवलं आणि करंडक नेला. सभागृह उभं राहून ओरडत होतं, कित्येक जण रडत होते, आणि त्या रडण्याचं मी कौतुक केलं होतं. तुमचा आक्षेप त्या कौतुकाला आहे. तुम्ही म्हणता, आदल्या दिवशी तेरुनोफुजीनं हेंका केला, म्हणजे समोरासमोर भिडायच्या ऐवजी हूल देऊन बाजूला झाला, तेव्हा याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, ‘मंगोलियाला परत जा’ म्हणून ओरडले. रविवारी त्यांच्या माणसानं नेमका तोच डाव टाकला तर डोळ्यांना रुमाल! हे खेळावरचं प्रेम नव्हे, रक्ताचं प्रेम आहे, आणि खासबागेत कुस्त्या बघत वाढलेल्या माणसानं असल्या गर्दीत वाहवत जाऊ नये, असं तुमचं म्हणणं.

त्या आरोळीबद्दल आधी. तिचं समर्थन मी मागे केलं नाही, आताही करणार नाही. किती तोंडांतून आली हा मुद्दाच नाही. एका क्रीडा दैनिकानं ती थेट मथळ्यात घेतली, टीकेची झोड उठल्यावर शब्द बदलले. तो मथळा मला आरोळीपेक्षा जास्त लागतो. सभागृहातला माणूस रागाच्या भरात काहीही बरळतो. मथळा टेबलाशी बसून, विचार करून लिहितात.

पण हेंकाला मिळणारी हुर्यो नेहमी रक्त बघून मिळते, हे मला मान्य नाही. आणि त्यासाठी दुसरं गाव शोधायला नको, हेच ओसाका, एक वर्ष आधी. मार्च 2016 चा शेवटचा दिवस, शेवटची लढत हाकुहो विरुद्ध हारुमाफुजी. दोघे योकोझुना, दोघे मंगोलियाचे. हाकुहो पटकन बाजूला झाला, हारुमाफुजी वेगात होता तसाच बाहेर गेला, लढत डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपली. हाकुहोचं ते 36 वं विजेतेपद. प्रेक्षकांनी त्याला फाडून खाल्लं. दोह्योजवळची, म्हणजे मातीच्या आखाड्याजवळची, विजेत्याची मुलाखत सुरू झाली तरी टोमणे थांबेनात. शेवटी तो रडला आणि इतकं झटपट संपेल असं वाटलं नव्हतं म्हणून त्यानं माफी मागितली. आता सांगा, त्या दिवशी ओसाकाकरांचा कुठला जातभाई हरला होता?

लोकांचा राग होता तो पैसे वसूल न झाल्याचा. शेवटच्या दिवसाची तिकिटं आधीच संपलेली असतात. चौघांच्या चौकोनी खणात मांडीला मांडी लावून माणसं दुपारपासून बसतात, खालच्या दर्जाच्या पैलवानांपासून सगळं बघतात, आणि ज्यासाठी आलो ती लढत ही अशी! हेंका नियमात बसतो, हो. ओझेकी (योकोझुनाच्या लगेच खालचं पद) आणि योकोझुनानं तो करू नये, हा अलिखित संकेत आहे. मोठ्या पदाच्या माणसानं समोरचा घाव छातीवर घ्यायचा, असं तिकडचा प्रेक्षक धरूनच चालतो.

शनिवारच्या रागाला आणखी एक पदर होता. तो तुम्ही सोडून दिलात म्हणून सांगतो. त्या दिवशी तेरुनोफुजीसमोर होता कोतोशोगिकु. जानेवारीच्या स्पर्धेनंतर त्याचं ओझेकीपद गेलं होतं, आणि नियम असा, की पुढच्याच स्पर्धेत दहा विजय मिळवले तर पद परत मिळतं. तेव्हा पाच हरून झाल्या होत्या, म्हणजे एकही लढत आता हरायची नाही. तिशी ओलांडलेला, गुडघ्यांनी बेजार माणूस. त्याच्या उरल्यासुरल्या आशेवर तेरुनोफुजीनं एका बाजूच्या पावलानं पाणी ओतलं. सहावी हार, पद कायमचं गेलं. आणि हाच कोतोशोगिकु जानेवारी 2016 मध्ये जिंकला होता, दहा वर्षांत जपानमध्ये जन्मलेला पहिला विजेता म्हणून. लोकांच्या मनात त्याच्यासाठी जी जागा होती तिच्यात जन्मभूमीचा वाटा होता, हे मी नाकारत नाही. फक्त तेवढ्यावर सगळा हिशेब मिटवू नका.

आता रविवार. शुक्रवारी हारुमाफुजीनं किसेनोसातोला दोह्योखाली फेकलं तेव्हा तो डावा खांदा धरून कळवळत पडला होता. हा कळवळणारा गडी नव्हे. हरला काय, जिंकला काय, चेहरा दगडी. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत तोवर तो फक्त एक दिवस गैरहजर होता. त्याचा सगळा खेळ डाव्या हातावर. डावा हात समोरच्याच्या काखेखाली घालायचा किंवा समोरच्याचा हात डाव्यानं दाबून वर उचलायचा, यावर तो इथवर आला. जायबंदी झाला तो नेमका डाव्या छातीचा आणि दंडाचा स्नायू. शनिवारी काकुर्युनं त्याला अलगद बाहेर ढकललं, लढत कसली ती. रविवारी सकाळी गणित असं होतं: तेरुनोफुजी 13 विजय, एक हार, किसेनोसातो 12 विजय, दोन हारी. म्हणजे करंडक हवा तर दोनदा हरवायचं, तेही एका हातानं.

पहिल्या लढतीत तो बाजूला सरकला, बरोबर आहे. मग मागे मागे जात असताना काठाजवळून तेरुनोफुजीला खाली ढकलून पाडलं. थोड्या वेळानं निर्णायक लढत. या वेळी तेरुनोफुजी नीट आत शिरला, जोर लावून त्याला काठापर्यंत रेटत नेलं. कुणीही सांगितलं असतं, संपलं. तिथे किसेनोसातोनं उजव्या हातानं त्याचा दंड आवळला आणि अंग फिरवून फेकला. चित्रण हळू करून बघा. डावा हात त्यात जवळपास काहीच करत नाही. मग राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्या दगडी चेहऱ्यावरून पाणी वाहायला लागलं. योकोझुना म्हणून त्याची ती पहिलीच स्पर्धा होती.

धडधाकट योकोझुनानं तो हेंका केला असता तर रविवारीही हुर्योच उडाली असती. हाकुहोची उडालीच की. त्या दिवशी नियम बदलला नव्हता, माणूस मोडलेला होता. प्रेक्षकांनी मोडलेल्या माणसाला सूट दिली. दुटप्पीपणा म्हणायचा तर म्हणा, मी म्हणणार नाही. आपल्या मैदानातही खांदा निखळलेला पैलवान हूल देऊन सुटला, तर लोक पळपुटा म्हणत नाहीत, फेटे उडवतात. खासबागेचं नाव तुम्ही काढलंत म्हणून म्हटलं.

तुमच्या जागी मी असतो तर त्या गर्दीवर वेगळा आरोप ठेवला असता. माझ्या मते त्यांचा गुन्हा पक्षपाताचा नाही, बेपर्वाईचा आहे.

कारण हे आधी एकदा घडून गेलं होतं, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. मे 2001, तोक्योचं सुमो सभागृह कोकुगिकान. चौदाव्या दिवशी मुसोयामाविरुद्ध योकोझुना ताकानोहानाचा उजवा गुडघा गेला. गुरूपासून सगळे माघार घे म्हणत होते. पंधराव्या दिवशी तो उतरला, हवाईच्या मुसाशिमारुकडून सरळ हरला, निर्णायक लढतीत त्याला उलथवलं आणि असा चेहरा करून उभा राहिला की ते छायाचित्र अजून छापतात. करंडक द्यायला नवे पंतप्रधान कोइझुमी स्वतः दोह्योवर चढले. वेदना सोसून चांगला लढलास, मी भारावलो, असं ओरडून म्हणाले. देश गहिवरला. ताकानोहाना त्यानंतर सलग सात स्पर्धा बाहेर होता. 2002 च्या सप्टेंबरात परतला, 2003 च्या जानेवारीत निवृत्त झाला. ते 22 वं विजेतेपद त्याचं शेवटचं ठरलं.

किसेनोसातोचं तेच झालं, किंबहुना वाईट. पुढच्या सलग आठ स्पर्धा त्यानं पूर्ण किंवा अर्धवट सोडल्या. 2018 च्या सप्टेंबरात कसेबसे दहा विजय, मग पुन्हा घसरण, सलग आठ लढतींत हार. पंधरा दिवसांची स्पर्धा सुरू झाल्यापासून कुठल्याही योकोझुनाची इतकी वाईट गत झाली नव्हती. 16 जानेवारी 2019 ला त्यानं पद सोडलं. एकोणीस वर्षं थांबून जपानमध्ये जन्मलेला योकोझुना मिळाला म्हणून जी माणसं जल्लोष करत होती, त्यांना दोन वर्षंही तो धड मिळाला नाही.

तरी मी सगळं खापर प्रेक्षकांवर फोडत नाही. पूर्वी स्पर्धेत जखमी झालेल्या पैलवानाला पुढची स्पर्धा पदाला धक्का न लागता सोडता यायची. ती सवलत 1972 पासून होती. काही जण गैरफायदा घेतात म्हणून संघटनेनं 2003 अखेर ती मोडीत काढली. तेव्हापासून माघार म्हणजे हार, आणि हार म्हणजे क्रमवारीत घसरण. योकोझुना घसरत नाही, पण त्याला निवृत्तीचा रस्ता दाखवतात. मग पैलवान पट्ट्या बांधून उतरतो, आणि समोर सात-आठ हजार माणसं त्याचं नाव घेऊन ओरडत असतात. घरी जा, असं कोण ओरडणार?

याच्यात सगळ्यात उपेक्षित राहिला तो तेरुनोफुजी, इथे मी तुमच्या बाजूचा आहे. त्याचे गुडघेही धड नव्हते. 2015 च्या सप्टेंबरात तेराव्या दिवशी उजव्या गुडघ्याचा स्नायूबंध दुखावला, आणि समोर कोण होता? किसेनोसातोच. तेव्हा तोही तसाच खेळला, शेवटच्या दिवशी काकुर्युला हरवलं आणि निर्णायक लढत हरला. पुढे गुडघे आणि मधुमेहानं त्याचं ओझेकीपद गेलं, आणि घसरत घसरत तो जोनिदानपर्यंत, म्हणजे तळापासून दुसऱ्या गटात आला. कुठलाच माजी ओझेकी त्याआधी तिथे जाऊन खेळला नव्हता. मार्च 2019 मध्ये त्यानं तिथून सुरुवात केली.

जुलै 2020 चा शेवटचा दिवस मुद्दाम बघा. महामारीमुळे नागोयाची स्पर्धा तोक्योला हलवलेली, रोज जास्तीत जास्त 2,500 प्रेक्षक, तोंडाला मुखपट्टी, ओरडायला बंदी. वरच्या गटात सर्वांत खालच्या क्रमांकावर परतलेला तेरुनोफुजी मिताकेउमीला रेटून बाहेर नेतो आणि 13 विजयांसह जिंकतो. आधीच्या विजेतेपदानंतर पाच वर्षांनी. ओरडता येत नव्हतं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या लवकर थांबल्या नाहीत. त्याच्या पासपोर्टवर तेव्हा मंगोलियाच होतं. जपानी नागरिकत्व त्यानं 2021 मध्ये घेतलं, योकोझुनाही त्याच वर्षी झाला.

प्रेक्षकांच्या पक्षपाताचा पुरावा म्हणून दिलेला हाकुहोच्या तीन टाळ्यांचा दाखला मात्र तुम्ही चुकीच्या ठिकाणी जोडलात. मार्च 2019, पुन्हा ओसाका. मुलाखतीत त्यानं प्रेक्षकांना ठेक्यात टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि संघटनेनं त्याला ताकीद दिली. कारण सोहळा अजून संपला नव्हता. बक्षिसांनंतर नवशिके पैलवान दोह्योवर येतात, देवांना निरोप दिला जातो, पंचाला हवेत उडवतात, आणि सांगतेच्या टाळ्या तेव्हाच्या असतात. (हे बघायला फार थोडे प्रेक्षक थांबतात, बहुतेकांना आगगाडी गाठायची असते.) कारण पटो न पटो, ताकीद देणारे वरचे अधिकारी होते. खाली बसलेल्यांनी हाकुहोबरोबर खुशीनं टाळ्या वाजवल्या होत्या. तुम्ही संघटना, वर्तमानपत्र आणि प्रेक्षक यांची एकच मोट बांधता, आणि माझं खरं भांडण तिथे आहे.

शेवटी तुम्ही खवचटपणे विचारलंत, की मग माझा लाडका कोण. ताकायासु. किसेनोसातोचा धाकटा तालीमबंधू, आई फिलिपिन्सची. 2022 मध्ये दोन निर्णायक लढती हरला, त्यातली नोव्हेंबरमधली आबीच्या हेंकामुळे. डोकं आपटून काही क्षण उठताही येईना. मार्च 2025 मध्ये ओसाकातच पुन्हा निर्णायक लढतीत आला आणि ओनोसातोकडून हरला. ओनोसातो कुणाचा चेला? किसेनोसातोचा! एकही विजेतेपद नाही त्या बिचाऱ्याच्या नावावर. पुढच्या वेळी आलाच आणि हेंका करून जिंकला, तर मी घर डोक्यावर घेणार आहे. तेव्हा जरूर लिहा, ‘पक्षपाती’ म्हणून.